गणवेश कुणाचा, इतिहास कुणाचा?

दरवर्षी १ जानेवारी जवळ आली की एक प्रश्न हमखास आमच्या तोंडावर फेकला जातो. "इंग्रजांचा लाल कोट घालून मिरवता, लाज नाही वाटत?" शौर्यदिनाच्या मिरवणुकीत, चित्ररथावर, पथनाट्यात आपली पोरे १८१८ च्या सैनिकाचा वेश करतात तेव्हा हा प्रश्न येतोच. काही जण चिडतात, काही गप्प बसतात. आम्हाला वाटते की उत्तर शांतपणे द्यावे, पण पुराव्याने द्यावे.

त्यासाठी थोडे अमेरिकेत जाऊ. हा रस्ता आपल्याला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. त्या लढाया आजही मैदानावर पुन्हा उभ्या केल्या जातात. तिकडे त्याला रिएनॅक्टमेंट म्हणतात. हजारो लोक जुने गणवेश शिवून घेतात, तंबूत राहतात, ठासणीच्या बंदुका भरून नुसत्या दारूचे बार काढतात. हे काम ते किती बारकाईने करतात ते पाहण्यासारखे आहे. संग्रहालयातला मूळ कोट मोजून त्यावरून बेत काढतात. गडद निळा लोकरी कोट, त्याला चार पितळी बटणे, बटणावर गरुड. आकाशी रंगाची लोकरी विजार. कमरेच्या बकलावर 'यू.एस.' ही अक्षरे. चाळीस काडतुसांची चामडी पेटी. काही जण तर बटणाची काजेसुद्धा हाताने शिवतात, कारण मूळ कोटांची काजे हाताने शिवलेली असत. जो पॉलिएस्टरचा कोट आणि आजचे बूट घालून येतो त्याला तिथे हसतात.

पण मित्रांनो, धागे मोजणाऱ्या या लोकांनी एक गोष्ट कित्येक वर्षे मोजलीच नाही. ती म्हणजे गणवेशाच्या आतला माणूस! १९६१ साली युद्धाची शताब्दी साजरी झाली. चार्ल्सटनच्या समारंभाला न्यू जर्सीच्या प्रतिनिधी मंडळातून एक कृष्णवर्णीय महिला जाणार होती. तिला हॉटेलात खोली नाकारण्यात आली. प्रकरण राष्ट्राध्यक्ष केनेडींपर्यंत गेले आणि बैठक नौदलाच्या तळावर हलवावी लागली. युद्ध गुलामगिरीवरून झाले, आणि त्याच्या शताब्दीत गुलामांच्या वंशजांना जागा नाही! दोन्ही बाजूंचे गोरे सैनिक कसे शूर होते, एवढीच कथा उरली.

खरी कथा काय होती? १ जानेवारी १८६३ रोजी अब्राहम लिंकनची मुक्तीची घोषणा लागू झाली. हो, तारीख १ जानेवारीच. त्यानंतर कृष्णवर्णीयांची उघड भरती सुरू झाली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० जण भूदलात लढले. फ्रेडरिक डग्लस तेव्हा सभांतून सांगत होते की ज्याच्या अंगावर सरकारची पितळी अक्षरे आणि खांद्यावर बंदूक आली, त्याचा नागरिकत्वाचा हक्क कुणाला नाकारता येणार नाही. त्यांची दोन मुले ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाली.

आता गणवेशाचा हिशेब ऐका. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार आणि वर कपड्यांसाठी साडेतीन डॉलर. कृष्णवर्णीय शिपायाला १० डॉलर, आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांपोटी कापून हातात फक्त ७. कोट तोच, बटण तेच, गोळीही तीच! ५४व्या पलटणीने हा पगार घ्यायला नकार दिला. फरक आम्ही भरून देतो, असे मॅसॅच्युसेट्स राज्याने सांगितले, तर तेही नाकारले. प्रश्न पैशाचा नव्हता, बरोबरीचा होता. सुमारे दीड वर्ष हे लोक बिनपगारी लढले. याच काळात, १८ जुलै १८६३ रोजी, फोर्ट वॅग्नरवरच्या हल्ल्यात पलटणीचे अडीचशेहून अधिक सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. तिथे झेंडा खाली पडू न देणाऱ्या विल्यम कार्नी यांना मेडल ऑफ ऑनर मिळाले ते १९०० साली, म्हणजे ३७ वर्षांनी. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला.

आणि विजयानंतर? मे १८६५ मध्ये वॉशिंग्टनला दोन दिवस विजयी फौजांचे संचलन झाले. त्यात कृष्णवर्णीयांची एकही लढाऊ पलटण नव्हती. जे काही कृष्णवर्णीय चालले ते कुदळ-फावडी घेतलेले मजूर म्हणून. बंदूक धरलेला हात लोकांना दिसू दिला नाही, फावडे धरलेला दिसू दिला. हे चित्र आपल्याला ओळखीचे वाटत नाही का?

म्हणूनच कृष्णवर्णीय रिएनॅक्टर्सनी हा गणवेश पुन्हा शिवला. १९८९ साली ५४व्या पलटणीवर 'ग्लोरी' हा चित्रपट आला आणि त्यांचे गट वाढले. पण चित्रपटावर ते विसंबले नाहीत. चित्रपटात ही पलटण बहुतांशी पळून आलेल्या गुलामांची दाखवली आहे, प्रत्यक्षात ती मुख्यतः उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांची होती. चित्रपटात एका शिपायाला फटके मारतात, पण अमेरिकन सैन्यात फटक्यांची शिक्षा १८६१ सालीच बंद झाली होती. अशा चुका त्यांनी स्वतः दाखवून दिल्या. २०१५ साली, दीडशे वर्षांनी, त्यांनी निळे कोट चढवून वॉशिंग्टनमध्ये आपले राहून गेलेले संचलन पूर्ण केले. याला कुणी हौस म्हणेल. आम्ही याला थकबाकीची वसुली म्हणतो.

आता कोरेगावला या. १ जानेवारी १८१८. बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई शिरूरहून रात्रभर चालत आले आणि दिवसभर अन्नपाण्यावाचून लढले. अंगावर लाल कोट, छातीवर पांढरे आडवे पट्टे, हातात चकमकीची, चार किलोंहून जड बंदूक. काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, दारू आणि गोळी नळीत ठासायची, मग बार काढायचा. आणि आपल्या चित्ररथांवर काय दिसते? कुठे खाकी वर्दी, कुठे सिनेमातल्या मावळ्याचा पोशाख, कुठे नुसती तलवार. ही तुच्छतेची टीका नाही. पोरे पदरमोड करून वेश भाड्याने आणतात हे आम्हाला माहीत आहे. पण चुकीचे बटण दिसले की विरोधक म्हणतो, बटण खोटे तर लढाईही खोटी. आपण त्याच्या हाती कोलीत का द्यावे?

हीच शिस्त आकड्यांनाही लावा. पलटणीत सगळेच महार नव्हते. स्तंभावर ४९ नावे आहेत, त्यांतली २२ नावे 'नाक' प्रत्ययाची. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांची नावे दगडात कोरली गेली, एवढेच पुरेसे मोठे आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही.

मग लाल कोटाची लाज? तो कोट घालणारा इंग्रजांचा भक्त नव्हता. ज्या समाजव्यवस्थेने त्याला शस्त्र, पाणी आणि रस्ता नाकारला, तिच्यात त्याला माणूस म्हणून उभे राहण्याची ती एक जागा होती. ५४व्या पलटणीचेही हेच. त्यांचे अधिकारी गोरे होते, सरकार पगार कापत होते, तरी त्यांनी गणवेश टाकला नाही आणि अन्यायही गिळला नाही.

पण अर्धी गोष्ट सांगून थांबू नका. ज्या इंग्रजांनी स्तंभ उभारला, त्यांनीच १८९२ साली महारांची भरती बंद केली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. गणवेश कुणी दिला तर तो काढूनही घेतो. बाबासाहेबांना हे पक्के कळले होते. १ जानेवारी १९२७ रोजी ते स्तंभापाशी उभे राहिले आणि मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर गेले. शौर्याची आठवण त्यांनी हक्काच्या लढाईला जोडली.

म्हणून पुढच्या शौर्यदिनी वेश करायचा असेल तर जरूर करा. पण आधी संग्रहालयातली बंदूक पाहून या, त्या काळची चित्रे पाहा, लाल कापड घेऊन आपल्याच वस्तीतल्या शिंप्याकडून कोट शिवून घ्या. आणि रस्त्यावर उभे राहाल तेव्हा प्रेक्षकांना १८१८ सांगा, १८९२ सांगा आणि १९२७ ही सांगा. मग कुणी लाजेचा प्रश्न विचारलाच, तर भरती का बंद झाली होती, हा प्रश्न त्यालाच उलट विचारा.

जय भीम!