मेळघाटची आग आणि जंगलातली गावकी

मेळघाटात वणवा पेटला की पहिलं बोट कोरकूंकडे जातं. मोहफुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे : ज्या जंगलावर माणसाचा हक्कच ठेवला नाही, ते वाचवण्याची सक्ती त्याच्यावर कोणत्या न्यायाने?

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. सागवानासाठी मेळघाट राखीव झाला, आणि कोरकूंची डोंगरउतारावरची फिरती शेती गुन्हा ठरली. पुढे भारतीय वन कायदा, १९२७ आला. त्याचं कलम २६ सांगतं : राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क स्थगित करू शकतं. चूक एकाची, शिक्षा गावाला! कलम ७९ म्हणतं : जंगलात गुरं चारणाऱ्याने, लाकूडफाटा नेणाऱ्याने, एवढंच नव्हे तर शेजारच्या गावात गावकीच्या कामाचा सरकारी मोबदला घेणाऱ्यानेही आग विझवायला धावलंच पाहिजे. नाही धावला तर मूळ कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा दंड.

गावकी कोणाच्या वाट्याला होती, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडलं. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हता. पण हक्काविना राबणूक म्हणजे गुलामी, हे तत्त्व इलाख्याची हद्द पाहत नाही.

आग रोखण्याचं खरं काम उन्हाळ्याआधीचं असतं. जाळरेषेवरचं गवत-झुडूप कापायचं, वाळलं की राखण ठेवून जाळायचं, म्हणजे वणव्याला पुढे खायला काही उरत नाही. मोहाखालचा पाला न जाळता झाडून काढायचा. विळा आणि झाडू कोणाच्या हातात असतो? त्याच हंगामी मजुराच्या. आराखडा मात्र साहेबांचा. बोरी, कोहा, कुंड ही गावं तर व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट तालुक्यात बसवली गेली. गावासोबत गवताची, वाऱ्याची, पायवाटांची माहितीही जंगलाबाहेर गेली.

दुसरा रस्ता याच अमरावती जिल्ह्यात आहे. वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो. पायविहीरला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड टेकड्या हिरव्या केल्या, सीताफळातून रोजगार उभा केला आणि २०१४ साली जैवविविधता पुरस्कार मिळवला. जिथे सीताफळ आपलं, तिथे काडी टाकणाऱ्याला गावच अडवतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जाळरेषा कुठे, कधी, किती रुंद, हे ग्रामसभेने ठरवावं. त्याची पूर्ण मजुरी वेळेवर मिळावी. आणि सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढावेत. हक्क द्या, मग राखण मागा. हक्काशिवाय मागाल, तर ती गावकीच!

जय भीम!