2 जून 2019 : गूगलचं नेटवर्क तुंबलं ती दुपार

(वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या)

सकाळी 11.45
रविवार. भारतात सोमवार लागून पाव तास झालेला. गूगलच्या एका डेटा सेंटरमध्ये देखभालीचं काम सुरू होतं. अशा वेळी कोणते प्रोग्रॅम थांबवायचे, याची यादी एक स्वयंचलित प्रणालीच करते. सेटिंगमधल्या दोन चुका आणि प्रणालीतला एक दोष एकत्र आले, आणि नेटवर्कला वाट दाखवणारे नियंत्रक प्रोग्रॅमही यादीत घुसले. तेही एका जागेचे नव्हे, अनेक ठिकाणांचे. प्रणालीने ते एकामागून एक बंद केले.

11.47 ते 11.49
नियंत्रक गेला तरी नेटवर्कमधले स्विच थोडा वेळ जुन्या वाटांवरून डेटाची पॅकेट पाठवत राहतात. तशी तजवीज मुद्दाम केलेली असते. ती मुदत सरली. काही ठिकाणांमधले मार्ग रद्द झाले आणि सगळी रहदारी उरलेल्या थोड्या लाइनींवर येऊन पडली.

आता स्विचच्या आत काय होतं ते पाहा. अनेक पोर्टांतून आलेली पॅकेट एकाच पोर्टातून बाहेर पडायची असली की ती बफरमध्ये रांगेत थांबतात. हा बफर बऱ्याच स्विचमध्ये काही मेगाबाइटांचाच असतो. 100 गिगाबिटची लाइन 10 मेगाबाइट जागा एका मिलिसेकंदाच्या आत भरते. जागा संपली की पुढचं पॅकेट ड्रॉप. स्विच बहुधा कुणाला काही कळवतही नाही. पोच आली नाही यावरून पाठवणाऱ्या संगणकानेच ओळखायचं, वेग कमी करायचा आणि पॅकेट पुन्हा पाठवायचं. हा वेग आवरण्याचा भाग फार मोलाचा आहे. ऑक्टोबर 1986मध्ये बर्कलेतल्या नेटवर्कवर तो नव्हता. सेकंदाला 32 हजार बिटांचा वेग 40 बिटांवर कोसळला. त्यानंतर संशोधक व्हॅन जेकबसन यांनी ही शिस्त घालून दिली.

म्हणून पॅकेट ड्रॉप होणं हा बिघाड मानू नये. प्रश्न एवढाच, की कुणाचं ड्रॉप करायचं? हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्या दुपारी यंत्रणेने मोठे, उशीर खपवून घेणारे प्रवाह ड्रॉप केले आणि छोटे, तातडीचे वाचवले. गूगल सर्च थोडा वेळ रेंगाळला, इतकंच. यूट्यूबचे जगभरातले व्ह्यूज 10 टक्क्यांनी घटले, क्लाउड स्टोरेजची रहदारी 30 टक्क्यांनी. जीमेलच्या साधारण 1 टक्का वापरकर्त्यांना त्रास झाला. ते लाखोंच्या घरात जातात. स्नॅपचॅट आणि डिस्कॉर्डही अडखळले.

दुपारी 12च्या सुमारास
इंजिनिअरांना दोन मिनिटांतच इशारा मिळाला होता. पण बिघाड शोधायची त्यांची साधनं त्याच तुंबलेल्या नेटवर्कवरून चालत होती. माझ्या मते खरा घात इथे झाला. नियंत्रक बंद पडण्याची चूक वेळीच हेरता आली असती. पण जिच्या आधारे हेरायचं, ती माहितीच गर्दीत अडकली. कुणाला किती फटका बसलाय, हे ग्राहकांना सांगणंही अवघड होऊन बसलं. काही इंजिनिअर आणीबाणीसाठी राखलेल्या सुरक्षित जागी जायला निघाले. गर्दी हटावी म्हणून कमी महत्त्वाच्या रहदारीचा क्रम आणखी खाली ढकलला.

1.01
मूळ कारण सापडलं. यादी करणारी प्रणाली थांबवली. तरीही सुटका नाही: काही ठिकाणचे सगळेच नियंत्रक बंद झाल्याने त्यांचा कॉन्फिगरेशन डेटा पुसला गेला होता. तो नव्याने तयार करून ठिकठिकाणी पोचवायचा होता, आणि तोही याच नेटवर्कवरून.

2.03
नवं कॉन्फिगरेशन रवाना होऊ लागलं.

3.19
क्षमता परतायला सुरुवात.

4.10
सेवा पूर्ववत. भारतात पहाटेचे 4.40. एकूण 4 तास 25 मिनिटं.

देखभालीची ती स्वयंचलित प्रणाली गूगलने पुरेसे अटकाव बसेपर्यंत बंदच ठेवायचं ठरवलं. नियंत्रकाविना नेटवर्क आणखी जास्त वेळ तग धरेल अशी सुधारणा आणि आणीबाणीची साधनं अशाच बिघाडात तपासून पाहणं, ही कामंही यादीवर आली.