पाच पैशांची चौथाई

पवईच्या तलावाकाठून जाणाऱ्या बेस्टच्या बसचे तिकीट काढताना आपण प्रवासाचे पैसे देतो, अशी आपली समजूत असते. पण कितीतरी वर्षे त्या तिकिटात काही पैसे असे होते, ज्यांचा बसशी, डिझेलशी किंवा कंडक्टरच्या पगाराशी काही संबंध नव्हता. कागदोपत्री त्यांना ‘पोषण अधिभार’ म्हणत. रक्कम १५ पैसे. इतकी किरकोळ, की पैशांची नाणी चलनातून गेली तरी ती कोणाच्या लक्षात आली नाही. या १५ पैशांची वंशावळ शोधत मागे गेलो की आपण १९७१च्या हिवाळ्यात पोचतो. तिथे मुलांच्या पोषणाचे नाव नाही. तिथे आहेत पूर्व बंगालमधून चालत आलेली लाखो कुटुंबे.

परदेशातल्या गरीब कुटुंबांसाठी सणासुदीला पैसे गोळा करणे ही आपल्याला श्रीमंत देशांची रीत वाटते. नाताळ आला की तिकडे पेट्या ठेवल्या जातात, मैफली होतात, आणि पैसे आपल्यासारख्यांच्या दिशेने निघतात. १९७१ साली हा प्रवाह काही काळ उलटा वाहिला. मदत घेण्याची सवय असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या माणसांसाठी आपल्याच नागरिकांकडून पै-पैसा गोळा केला, आणि तोही सक्तीने.

२५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली आणि माणसे सीमेकडे निघाली. डिसेंबरपर्यंत भारतात आलेल्यांचा सरकारी आकडा सुमारे ९९ लाखांवर गेला. त्यातले ७० लाखांहून अधिक एकट्या पश्चिम बंगालमध्ये होते. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख, आणि तिथे आलेले निर्वासित सुमारे १४ लाख. आठशेहून अधिक छावण्या उभ्या राहिल्या. कायद्याच्या भाषेत ही सगळी माणसे पाकिस्तानची नागरिक होती. म्हणजे ज्या देशाशी सहा वर्षांपूर्वी युद्ध झाले होते, त्या देशाच्या प्रजेला जेवू घालायचे होते.

मुंबईच्या उपनगरांना ‘निर्वासित’ हा शब्द नवा नव्हता. मुलुंड कॉलनी, चेंबूर कॅम्प, शीव-कोळीवाडा या वस्त्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी कुटुंबांनी वसवल्या होत्या. ‘कॅम्प’ हा शब्द त्या भागांच्या नावांना अजून चिकटलेला आहे. पण ते निर्वासित इथेच राहायला आले होते. पुढे दुकानदार झाले, शेजारी झाले. बंगालमधले निर्वासित दीड-दोन हजार किलोमीटरवर होते. पवई-घाटकोपरच्या माणसाला ते दिसणार होते फक्त वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांत. न दिसणाऱ्या माणसासाठी खिशातून पैसा कसा काढायचा, हा त्या वर्षातला खरा प्रश्न होता.

पैसा किती लागत होता आणि किती थोड्यात किती होत होते, याचे एक माप उपलब्ध आहे. पावसाळ्याच्या तोंडावर छावण्यांत पटकीची साथ आली. बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा त्यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. पुड्या बांधून नातेवाइकांच्या हाती दिल्या, कारण पाजायला परिचारिका पुरत नव्हत्या. जिथे ३० टक्क्यांपर्यंत रोगी दगावत होते, तिथे मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. त्यांनी नंतर लिहिलेल्या शोधनिबंधात एका लिटरचा खर्चही दिला आहे : ११ पैसे. हा आकडा लक्षात ठेवू या, पुढे कामाला येईल.

आधी स्वेच्छेचा मार्ग चोखाळला गेला. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी मैफल केली. तिकीटविक्रीचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. मैफलीच्या ध्वनिमुद्रिकांचे उत्पन्न याहून कितीतरी मोठे होते, पण संयोजकांनी करमाफीची कागदपत्रे आधी केली नव्हती. ते पैसे अमेरिकेच्या करखात्याशी चाललेल्या वादात वर्षानुवर्षे अडकून पडले. इकडे ‘स्वाधीन बांगला’ फुटबॉल संघ निधीसाठी भारतभर सामने खेळत फिरला. मुंबईच्या सामन्यात त्यांच्याविरुद्ध मैदानात उतरला होता क्रिकेटचा कर्णधार राहिलेला मन्सूर अली खान पतौडी. लोक आले, त्यांनी पाहिले, पैसे दिले.

पण मैफली आणि सामने एका संध्याकाळी संपतात आणि छावणीतल्या माणसाला रोज दोनदा भूक लागते. परदेशांकडून आलेली मदत खर्चाच्या मानाने तुटपुंजी होती. त्या वर्षी नवरात्र सप्टेंबरच्या अखेरीस झाले. बंगालमधल्या छावण्यांत दुर्गापूजेचे दिवस ताडपत्रीखाली गेले. १८ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले. आणि आपल्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते तेवढ्यात, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, केंद्र सरकारने वटहुकूम काढले. रेल्वेचे तिकीट, देशातला विमानप्रवास, वर्तमानपत्र, टपाल अशा रोजच्या व्यवहारांवर निर्वासितांसाठी जादा आकारणी होणार होती. राज्यांनीही आपापल्या परीने भर घालावी अशी अपेक्षा होती. बसच्या तिकिटावरचा अधिभार आला तो त्या ओघात.

१५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. नवे तिकीट छापायला सवड नव्हती. तेव्हा चलनात असलेल्या पाच पैशांच्या कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘रिफ्युजी रिलीफ’ आणि ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरे उमटवण्यात आली. काही नाशिकच्या मुद्रणालयात छापली गेली, काही ठिकाणी टपाल खात्याने रबरी शिक्क्यांनीच काम भागवले. सुखी, छोट्या कुटुंबाचा प्रचार करणारे तिकीट विस्कटलेल्या कुटुंबांच्या कामी आले, हा योगायोग कोणी ठरवून आणला नसेल. १ डिसेंबरला नाशिकहून खास तिकीट आले, त्यावर निर्वासितांचेच चित्र होते. पाचव्या दिवशी, २० नोव्हेंबरच्या सुमारास, ईद आली. मग नाताळ, मग नववर्ष. शुभेच्छापत्रांच्या त्या हंगामात पाकिटावर दोन तिकिटे दिसू लागली. एक पत्र पोचवण्यासाठी, दुसरे ज्यांना पत्र पाठवायला पत्ताच उरला नव्हता त्यांच्यासाठी.

साध्या पाकिटाला तेव्हा २० पैसे पडत. त्यावर पाच पैसे, म्हणजे बरोबर चौथाई. मराठी वाचकाला या शब्दाचा इतिहास सांगायला नको. १७४०च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, त्या चौथाईच्या हक्कासाठीच. १७५१च्या तहात अलिवर्दीखानाने सालीना १२ लाख रुपये द्यायचे कबूल केले, तेव्हा त्या स्वाऱ्या थांबल्या. बंगाली आया अजूनही मुलांना झोपवताना ‘बर्गीं’ची भीती घालतात, ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. त्या स्वाऱ्यांनीही बंगालमधल्या घरादारांना पळायला लावले होते. दोनशेवीस वर्षांनी नागपूर, पुणे, मुंबईच्या टपालपेट्यांतून बंगालच्या माणसांसाठी चौथाई निघाली, या वेळी उलट दिशेने. इतिहासाची परतफेड अशी होत नसते हे खरे, पण हिशेबाच्या वहीत या दोन नोंदी समोरासमोर ठेवून पाहायला हरकत नाही.

या आकारणीत एक शहाणपण होते. पोस्टकार्डाला ती लागू नव्हती. गिरणीतला कामगार कोकणातल्या घरी खुशाली कळवायचा ती कार्डावर. त्याला सरकारने वगळले. पाकीट वापरणारा मात्र सुटला नाही. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्याचे घरी जाणारे पाकीट असो की एखाद्या कंपनीचे बिल असो, पाच पैसे चुकत नव्हते. त्या विद्यार्थ्याची गोष्ट अधिक गमतीची. तो ज्या संस्थेत शिकत होता ती १९५८ साली सुरू झाली तीच युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीवर. प्रयोगशाळेतली यंत्रे रशियन, सुरुवातीचे तज्ज्ञ रशियन. देशाच्या रेशनमध्ये अमेरिकेच्या गव्हाची आठवण ताजी. स्वतः दुसऱ्यांच्या मदतीवर शिकणारा तरुण तिसऱ्यासाठी पाच पैसे चिकटवत होता. दान द्यायला आधी श्रीमंत व्हावे लागते, हा समज त्या एवढ्याशा तिकिटाने खोटा ठरवला.

आता ११ पैशांचा आकडा आठवू. तीन पाकिटांवरचे १५ पैसे म्हणजे साखर-मिठाच्या लिटरभर पाण्याहून अधिक. पटकीची ती साथ तिकीट निघण्याआधीची, त्यामुळे त्या पुड्या या पैशांतून आल्या असे कोणी म्हणू नये. पण पाच पैसे ही चेष्टेची रक्कम नव्हती, एवढे यावरून कळते.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. सक्तीने घेतलेले दान हे दान असते का? आपल्याकडे वर्गणीची परंपरा आहे. गणपतीची पावती फाडताना माणूस कुरकुरतो, घासाघीस करतो, पण देतो तेव्हा आपण काय दिले हे त्याला माहीत असते. पावतीवर नाव असते, मांडवात जाऊन जाब विचारता येतो. कराला हे काही नसते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर वर्गणी देणाऱ्याच्या मनःस्थितीवर चालते, आणि एक कोटी माणसांचे जेवण कोणाच्या मनःस्थितीवर सोडता येत नाही. न्यूयॉर्कची उदार मैफल करखात्यात अडकली, आणि इथला रुक्ष कर मात्र छावणीपर्यंत गेला. टपाली तिकिटापुरता सरकारने मधला रस्ता काढला होता. कर घेतला, पण त्यावर नाव छापले, चित्र छापले. जिभेने ओले करून ते चिकटवताना आपण कशासाठी देतो आहोत हे माणसाला क्षणभर तरी दिसत होते.

बसच्या तिकिटाचे तसे झाले नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. जानेवारीपासून निर्वासित परतू लागले आणि १९७२च्या मार्चपर्यंत बहुतेक सगळे गेले. टपालाची आकारणी त्यानंतरही वर्षभर राहिली आणि ३१ मार्च १९७३ला थांबली. हे वर्ष महाराष्ट्राला कशाचे होते ते वेगळे सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळाचे. मे १९७३मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. लाल मिलो आणि सुकडी हे शब्द तेव्हाच आपल्या बोलीत शिरले. आता उपाशी कुटुंबे आपल्याच वेशीत होती. राज्याने बसचा अधिभार रद्द न करता त्याला दुसरे काम दिले. निर्वासितांचा पैसा बालकांच्या पोषणाचा झाला आणि तिकिटावर बसून राहिला.

माहितीच्या अधिकारात काही वर्षांपूर्वी हा अधिभार चर्चेत आला, तेव्हा मुंबईकर अजून बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पैसे भरत आहेत, अशा अर्थाचे मथळे झळकले. लोक चिडले. चिडण्याचे कारण रास्त होते, पण मथळा नेमका नव्हता. निर्वासितांसाठी पैसे जाणे कधीच थांबले होते. उपाशी मुलासाठी १५ पैसे द्यायला बसमधला कोणीही नाही म्हणाला नसता. राग होता तो न विचारता, न सांगता घेतल्याचा. हेतू बदलला, नाव बदलले, आणि देणाऱ्याला कोणी कळवले नाही. ते मूल कोणते, पैसे त्याच्यापर्यंत पोचले का, हे विचारायला मांडवच नव्हता.

तेव्हा फरक सक्ती आणि स्वेच्छा यांच्यात आहे त्यापेक्षा अधिक, दिसणे आणि न दिसणे यांच्यात आहे. पाच पैशांचे टपाली तिकीट सक्तीचेच होते. पण जुन्या पत्रांच्या पुडक्यात ते आजही सापडते आणि नातवंडे विचारतात, हे दुसरे तिकीट कशाचे? मग कोणाला तरी १९७१ सांगावे लागते. बसचे तिकीट उतरल्यावर चुरगाळून टाकून देतात. त्याबरोबर आपण कोणासाठी तरी काही दिले होते, ही गोष्टही टाकून दिली गेली.