ओळखपत्राची गोष्ट

परवा शनिवारी सकाळी बेल वाजली. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी. मी अर्धवट झोपेत डबा पुढे केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, काच कागदात गुंडाळून देत जावा. वर लाल खूण करा." बोटाला चिंधी बांधलेली. आदल्या दिवशीचा फुटका ग्लास माझाच होता! झोप उडाली.

मग दुपारी बसून या कामाचा इतिहास वाचून काढला. इतकी वर्षं पुण्यात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं, कमाल आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुतेक दलित बायका होत्या. कितीतरी कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. कुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला वजनावर विकायचा. वर कुत्र्यांची भीती आणि पोलिसांचा चोरीचा संशय. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्यांच्यात गेल्या. शिकवायचं होतं लिहा-वाचायला, पण खरा प्रश्न निघाला रोजच्या कमाईचा. कचरा घरातच वेगळा मिळाला तर भंगार स्वच्छ राहतं, भाव चांगला येतो, हातही कापत नाही. (आपण नाही का म्हणत, बग जितका आधी सापडेल तितका स्वस्त? तसंच.)

१९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. हमाल पंचायतवाले बाबा आढाव सोबत होतेच. दोन-तीन वर्षांत महापालिकेनं या बायकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. आपण गळ्यात लटकवून कंटाळतो ते कार्ड! त्यांच्यासाठी मात्र 'मी चोर नाही, कामगार आहे' असं सांगणारा तो पहिला सरकारी कागद होता.

पुढे २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करा, ओला-सुका वेगळा करा. ऐकायला किती छान! पण कुंड्या गेल्या आणि घरोघरचं काम एखाद्या ठेकेदाराच्या गाडीला मिळालं, तर या बायकांनी वेचायचं काय? शहर स्वच्छ होणार आणि ते इतकी वर्षं साफ करणारीच उपाशी राहणार.

पंचायतीनं नुसता विरोध केला नाही. दारोदारचं ते काम आम्हीच करतो, म्हणाल्या. आधी प्रयोग झाला, मग २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आणि महापालिका यांच्यात करार झाला. घरटी दरमहा शुल्क, शिवाय भंगाराचे पैसे त्यांचेच.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. कराराची मुदत संपत आली की पुन्हा ठेकेदारांची चर्चा, पुन्हा मोर्चे. हातमोज्यांसाठीही भांडावं लागतं. कचरा उचलायला शहराला माणूस हवा असतो, पण माणसाला हात धुवायला पाणी, संडास आणि आजारपणात रजा लागते, हे करारात सहज विसरलं जातं.

असो. रविवारी दोन डबे आणले आणि एक लाल मार्कर. सोमवारी मावशींचं नाव विचारलं. चार वर्षं रोज दारात येतात त्या. तुम्ही विचारलंय कधी?