आतड्याला फाटा दिला तेव्हा

कणकवलीतल्या एखाद्या घरी दुपारी भात, बांगड्याचे तिखले आणि वाटीभर सोलकढी असे जेवण झाले, की ते 'पोटात गेले' असे आपण म्हणतो. पण पोटात जाणे आणि अंगी लागणे यांमध्ये सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे आहे. त्याचा कोणता भाग काय शोषतो, हे समजण्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांचाही वाटा आहे आणि तो रुग्णांना महाग पडलेला आहे.

१९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याचा वरचा अर्धाअधिक भाग काढला तरी कुत्र्यांचे वजन टिकले. खालचा भाग काढला तेव्हा मात्र स्निग्ध पदार्थ शोषले जाईनात आणि वजन झपाट्याने उतरले. पुढे माणसांतही आतड्याची बहुतेक लांबी वगळून वरचे सुमारे ३५ सेंटिमीटर खालच्या १० सेंटिमीटरना जोडू लागले. वजन उतरले खरे, पण सोबत जुलाब आले, काहींची यकृते निकामी झाली आणि मूत्रपिंडांत खडे होऊ लागले. खड्यांचे कारण मोठे शिकण्याजोगे आहे. अन्नातील ऑक्झलेटला एरवी कॅल्शियम बांधून बाहेर नेते. न शोषलेल्या चरबीने ते कॅल्शियमच अडवले, मग मोकळे ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडांत पोचले. १९८० नंतर ही पद्धत मागे पडली.

दरम्यान १९६६ साली आयोवा येथे मेसन आणि इटो यांनी जठराचा लहानसा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडला. आजची 'गॅस्ट्रिक बायपास' याच विचारातून वाढली. यात वजन घटते ते अन्न न शोषल्यामुळे, असा बहुतेकांचा समज असतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत मात्र, १४ महिन्यांनंतर शरीराला मिळणाऱ्या उष्मांकांत जी घट झाली, तिच्यातील जेमतेम ११ टक्के वाटा अपशोषणाचा निघाला. बाकीची घट कमी खाण्यामुळे होती.

उष्मांकांचे असे, पण सूक्ष्म पोषकांचे गणित निराळे. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात, आणि नेमका तोच भाग वगळला जातो. बांगड्यातील बी-१२ जीवनसत्त्वाचा प्रवास तर फारच लांबचा. आधी जठरातील आम्लाने ते प्रथिनापासून सुटते, मग जठरानेच स्रवलेल्या एका प्रथिनाशी जोडले जाते आणि थेट आतड्याच्या शेवटच्या टोकाशी शोषले जाते.

२०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हा विषय आपल्याकडे घरोघर पोचला. त्यांच्यावरील शस्त्रक्रिया 'स्लीव्ह' प्रकारची, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची होती. तीत आतड्याला फाटा देत नाहीत, तरी जठर घटले की बी-१२ची वाट अरुंद होतेच.

शिवाय यकृतात बी-१२चा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे मुंबईहून शस्त्रक्रिया करून गावी परतलेला माणूस दोन वर्षे ठणठणीत दिसतो. मग हातापायांना मुंग्या येऊ लागतात, थकवा जाणवतो, आणि घरचे म्हणतात, 'बारीक झालास म्हणून अशक्तपणा.' अशा वेळी रोज बांगडा खाऊनही भागेलच असे नाही. मोठ्या मात्रेच्या गोळीतला सुमारे १ टक्का भाग जठराच्या मदतीवाचून आपोआप झिरपतो, तो उपयोगी पडतो, नाहीतर इंजेक्शन. आणि वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी, तीही आयुष्यभर.