पूर्वनियोजन
१४. कोणाचे तारण व्हायचे हे देवाने सृष्टीपूर्वीच ठरवले आहे, हा ख्रिस्ती सिद्धान्त. जॉन कॅल्व्हिनने (१५०९–१५६४) तो ठामपणे मांडला. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या संदर्भातही हा सिद्धान्त येतो. हे मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, आणि त्या चर्चचा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा (१६४७) पूर्वनियोजन मानतो. सारे ठरलेलेच असेल, तर या मिशनचे पाद्री नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवून उपदेश कशासाठी केला, ही शंका रास्त आहे. विश्वासनाम्याचे उत्तर असे की, देव शेवट ठरवतो तशी तिथवर नेणारी साधनेही ठरवतो, आणि माणसाच्या इच्छेवर बळजबरी करत नाही. इच्छाही देवच वळवत असेल तर ती स्वतंत्र कशी, हा आक्षेप तरीही उरतो. म्हणून आर्मिनियस (१५६०–१६०९) आणि पुढे मेथॉडिस्टांनी कृपा नाकारण्याची मोकळीक माणसाकडे ठेवली. मात्र पूर्वनियोजनाला प्रारब्ध समजू नये. प्रारब्ध हे पूर्वकर्माचे फळ. पूर्वनियोजनातली देवाची निवड कोणत्याही कर्मावर अवलंबून नाही, केवळ कृपेवर आहे. त्यामुळे जन्मावरून कोणालाही अपात्र ठरवण्यास तिच्यात आधार नाही.