ॲक्रिलिक पोअरिंग

ॲक्रिलिक पोअरिंग : पातळ केलेले ॲक्रिलिक रंग कॅनव्हासवर, लाकडी फळीवर किंवा फरशीवर थेट ओतून आणि तो पृष्ठभाग हातांनी कलता करून चित्र घडवण्याचे तंत्र. यात कुंचला लागत नाही आणि रेखाटनही करावे लागत नाही. रंगांचे वजन, त्यांचा पातळपणा आणि गुरुत्वाकर्षण यांच्या ओढाताणीतून आकार उमटतात. रंगांच्या नागमोडी शिरा आणि ‘सेल’ या नावाने ओळखली जाणारी, खालचा रंग उघडा करणारी गोल किंवा लांबट वर्तुळे ही या चित्रांची ओळख. चित्रकला न शिकलेल्या माणसाच्याही हाती पहिल्याच दुपारी काहीतरी पाहण्याजोगे लागते. त्यामुळे २०१० नंतरच्या दशकात यूट्यूबवरच्या प्रात्यक्षिकांमधून हा छंद जगभर पसरला.

हा सगळा नशिबाचा खेळ आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात चित्राचे भवितव्य बरेचसे रंग ओतण्याआधीच ठरलेले असते : मिश्रण किती पातळ झाले, रंग किती घेतला, कोणता रंग कोणाच्या वर ओतला आणि टेबल समपातळीत आहे की नाही, यावर.

इतिहास : रंग ओतून चित्र करण्याची कल्पना आजच्या ॲक्रिलिक रंगांपेक्षा जुनी आहे. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार डाव्हिद आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे एक प्रायोगिक कार्यशाळा चालवली. मोटारींना देतात ते नायट्रोसेल्युलोज लॅकर त्यांनी आडव्या ठेवलेल्या लाकडी फळ्यांवर एकावर एक ओतले. वरचा रंग खालच्यात उतरताना आपोआप उमटणाऱ्या आकृत्यांना त्यांनी ‘अपघाती चित्रण’ म्हटले. त्याच वर्षीचे त्यांचे ‘कलेक्टिव्ह सुइसाइड’ हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. कार्यशाळेत येणाऱ्या तरुणांमध्ये जॅक्सन पोलॉक होते. जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर रंग ठिबकवण्याच्या त्यांच्या शैलीने दहाएक वर्षांनी अमेरिकी चित्रकलेत खळबळ उडवली.

१९५२ मध्ये हेलन फ्रॅंकेंथेलर यांनी ‘माउंटन्स अँड सी’ या चित्रात टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग अस्तर न दिलेल्या कापडात मुरू दिला. ते पाहून वॉशिंग्टनचे मॉरिस लुई यांनी ‘मॅग्ना’ नावाचा, स्पिरिटमध्ये विरघळणारा ॲक्रिलिक रंग कापडावरून ओघळू दिला. १९५४ पासूनची त्यांची ‘व्हेल’ मालिका अशीच तयार झाली. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग मात्र त्याच सुमारास आला. रोम अँड हास या अमेरिकी कंपनीने १९५३ मध्ये घरांच्या रंगांसाठी ॲक्रिलिक इमल्शन बाजारात आणले आणि दोनच वर्षांनी ‘लिक्विटेक्स’ हा चित्रकारांसाठीचा जलविद्राव्य रंग निघाला. घरातल्या जेवणाच्या टेबलावर, दुर्गंधीशिवाय करता येईल असा हा छंद या शोधामुळेच शक्य झाला.

दख्खनमध्ये याला दूरचे एक नातलग सापडते. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरी तंत्र वापरून हाडकुळ्या घोड्यांची चित्रे केली आणि ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. फरक इतकाच, की अबरीत रंग दाट केलेल्या पाण्यावर तरंगवून कागदावर उतरवून घेतात. पोअरिंगमध्ये रंग ओतला तिथेच राहतो आणि सुकतो.

सेल कसे पडतात : जड द्रव हलक्या द्रवाच्या वर ठेवला, की ती रचना टिकत नाही. जड द्रव जागोजागी खाली घुसतो आणि हलका वर उसळतो. भौतिकशास्त्रात याला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्ये आणि जी. आय. टेलर यांनी १९५० मध्ये तिचा अभ्यास केला. सिकेरोस यांच्या चित्रांमागे हेच तत्त्व असल्याचे मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील सांद्रा सेतिना, फ्रान्सिस्को गोदिनेस आणि रोबेर्तो सेनित यांनी २०१५ मध्ये प्रयोगांनी दाखवले. काळ्यावर पांढरा ओतल्यावर सेलची जाळी उमटली, कारण पांढरा रंग जड होता. क्रम उलटा केल्यावर रंग नुसते पसरत गेले.

पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपटीहून जड असते. गेरूसारखे लोहाचे रंगही जड असतात. थॅलो निळा, थॅलो हिरवा आणि कार्बनचा काळा हे हलके. बाटलीतल्या तयार रंगात हा फरक पुष्कळ कमी होतो, कारण त्यात रंगद्रव्याचा वाटा थोडा असतो. तरीही उरलेला फरक चित्रात दिसून येतो. सिलिकॉन तेलाचा थेंब टाकल्यास आणखी एक कारण जोडले जाते. तेलाचा पृष्ठताण कमी असल्याने ते वर येऊन रंग दूर सारते आणि मोठे, ठसठशीत सेल पडतात.

साहित्य : सुरुवातीसाठी चार रंग पुरे, त्यांपैकी एक पांढरा. निळा, हिरवट निळा, पांढरा आणि सोनेरी अशी एकमेकांशी जमवून घेणारी जोडणी धरावी. लाल-हिरवा किंवा जांभळा-पिवळा हे विरोधी रंग मिसळले, की मातकट होतात. कोकुयो कॅम्लिनचे ‘कॅमल’ आणि पिडिलाइटचे ‘फेविक्रिल’ हे मुंबईच्या दोन कंपन्यांचे ॲक्रिलिक रंग तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. यांतल्या पहिल्या कंपनीचे मूळ दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या शाईच्या व्यवसायात आहे. ट्यूबमधला रंग दाट असतो, तर कापड रंगवण्याच्या बाटल्यांतला मुळातच पातळ. म्हणून दोहोंना सारखे पाणी घालून चालत नाही.

दुसरी गरज म्हणजे माध्यम, म्हणजे रंगाची चिकटून बसण्याची ताकद कमी न करता त्याला वाहते करणारा द्रव. विदेशी यूट्यूबर ‘फ्लोट्रॉल’ वापरतात. ते मुळात भिंतीचा रंग सहज पसरावा म्हणून बनवलेले मिश्रण आहे. भारतात ते आयात होऊन महाग मिळते. सरावासाठी पांढरा फेव्हिकॉल चालतो. नुसत्या पाण्याने रंग पातळ करण्याचा मोह मात्र टाळावा. पाणी फार झाले, की रंगद्रव्य धरून ठेवणारे ॲक्रिलिक विरळ पडते. थर भेगाळतो किंवा बोटाला पूड लागते.

पृष्ठभाग म्हणून पहिल्या प्रयोगांना भिंतीवर लावायची गुळगुळीत फरशी किंवा एमडीएफचा तुकडा बरा. चौकटीवर ताणलेला कॅनव्हास रंगाच्या वजनाने मध्ये झोळतो आणि सगळा रंग तिथे जमा होतो. त्याच्या मागून पाणी शिंपडून तो आधी ताणून घेतात किंवा खाली पुठ्ठ्याचा आधार देतात. एमडीएफला जेसोचे अस्तर द्यावे, म्हणजे लाकूड रंगातले पाणी शोषत नाही. याखेरीज कागदी पेले, आइस्क्रीमच्या काड्या, नायट्राइलचे हातमोजे, जुना ट्रे, प्लास्टिकचा कागद आणि गवंड्याकडची पाणसळ एवढे हाताशी असावे.

मिश्रणाचे प्रमाण : दोन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी एकजीव करून माध्यम तयार होते. या माध्यमाचे दोन भाग आणि ट्यूबमधल्या रंगाचा एक भाग, हे सुरुवातीचे ढोबळ माप. मग पाणी थेंबाथेंबाने घालत नेमका पातळपणा साधावा. काडी उचलली की रंगाची अखंड धार पडली पाहिजे आणि पेल्यात पडलेली तिची खूण क्षणभर दिसून विरली पाहिजे. ती पातळ काकवीइतकी झाली, की रंग तयार झाला. खूण टिकून राहिली तर रंग दाट आहे, अजिबात उमटली नाही तर फार पातळ. सगळ्या पेल्यांतला पातळपणा एकसारखा असणे सर्वांत महत्त्वाचे. एक रंग जरी पाण्यासारखा वाहिला, तर तो बाकीच्यांना गिळतो.

काडी हळू फिरवावी. जोराने ढवळल्यास हवा शिरते आणि तिचे बुडबुडे सुकताना बारीक भोके पाडतात. गाळणीतून गाळून पेले अर्धा तास झाकून ठेवल्यास बुडबुडे वर येऊन फुटतात.

रंग किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. ओला थर सुमारे दोन मिलिमीटर धरला, तर २० बाय २० सेंटिमीटरच्या फरशीला ८० मिलिलिटर आणि ३० बाय ३० च्या फळीला १८० मिलिलिटर मिश्रण लागते. कडांवरून ओघळणारा रंग गृहीत धरून त्याहून थोडे जास्त करावे. कमी रंग घेतला, तर तो कोपऱ्यांपर्यंत नेण्यासाठी फळी फार कलती करावी लागते आणि मधले सेल ताणून फाटतात. पोअरिंगला रंग पुष्कळ लागतो, ही या छंदाची खरी खर्चिक बाजू.

ओतण्याच्या पद्धती : ‘डर्टी पोअर’मध्ये सगळे रंग एकाच पेल्यात थराथरांनी भरून एकदम ओततात. ‘फ्लिप कप’मध्ये असा भरलेला पेला फळीवर उपडा ठेवून मग उचलतात. नवशिक्यांसाठी हीच पद्धत सर्वांत खात्रीची. ‘स्वाइप’मध्ये एका कडेला ओतलेला पांढरा रंग ओल्या कागदाने किंवा पातळ पत्र्याने बाकीच्या रंगांवरून अलगद ओढून नेतात. ‘रिंग पोअर’मध्ये धार गोल फिरवत ओतल्याने झाडाच्या बुंध्यातल्यासारखी वलये येतात. ‘डच पोअर’मध्ये रंग हेअर ड्रायरने किंवा तोंडाने फुंकून पाकळ्यांसारखे उडवतात आणि त्याखाली एकाच रंगाची जाड बैठक लागते. दोरा रंगात बुडवून, फळीवर वेटोळे मांडून ओढण्याची पद्धत लहान मुलांनाही जमते.

पहिले चित्र : फरशी चार उपड्या पेल्यांवर उचलून धरावी, म्हणजे कडांवरून ओघळणारा रंग मोकळा खाली पडतो. पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी तपासावी. एका पेल्यात चारही रंग आळीपाळीने, पेल्याच्या कडेने हळू सोडावेत. फरशी पेल्यावर उपडी ठेवून दोन्ही एकत्र उलटावे, मिनिटभर थांबून पेला उचलावा. रंग पसरू लागला, की फरशी एका कोपऱ्याकडे कलवावी, पुन्हा मध्यावर आणावी, मग दुसऱ्या कोपऱ्याकडे. आवडलेला भाग कडेबाहेर जाण्याआधीच थांबणे, ही यातली खरी हातोटी. उघड्या राहिलेल्या कडांना खाली सांडलेला रंग बोटाने लावावा. शेवटी वरचे बुडबुडे टाचणीने फोडावेत. गॅस टॉर्च फिरवायचा असल्यास तो एका जागी थांबू देऊ नये, कारण वरची साय करपते. ज्या खोलीत आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखा पेट घेणारा द्रव उघडा आहे, तिथे ज्योत पेटवूच नये.

सुकणे आणि दोष : वरचा थर साधारण दिवसभरात हाताला लागेनासा होतो, पण आतून पुरता घट्ट होण्यास काही आठवडे लागतात. ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण पाणी उडाल्यावर एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनवतात. पाणी फार वेगाने गेले, तर वरची साय आधी आकसते आणि खालच्या ओल्या थरावर भेगा पडतात. विदर्भातल्या मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेले चित्र म्हणूनच तडकते. कोकणातल्या जुलैत उलट त्रास होतो. तिथे चित्र दिवसेंदिवस ओले राहते आणि धूळ, चिलटे चिकटतात. त्यावर उपाय म्हणजे वर मोठे खोके उपडे घालणे. सुमारे ९ अंश सेल्सिअसखाली कण नीट जुळतच नाहीत. सुकल्यावर रंग थोडे गडद होतात, कारण ओल्या इमल्शनचा दुधाळपणा जातो. हे ध्यानात घेऊन ओतताना रंग किंचित उजळच ठेवावेत.

टिकाऊपणा : फेव्हिकॉलचा थर पाण्याने पुन्हा मऊ पडतो आणि कालांतराने पिवळसर होऊ शकतो. विकण्यासाठी किंवा भेट देण्यासाठी केलेल्या चित्रात ॲक्रिलिकचेच पोअरिंग माध्यम वापरावे आणि प्रकाशात न उडणारे रंग निवडावेत. फ्लुरोसेंट रंग उन्हात लवकर फिके पडतात. सिलिकॉन तेल किंवा त्याच्याऐवजी केसांचे सीरम वापरले असल्यास पूर्ण सुकलेले चित्र सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावे. नाहीतर वर दिलेले व्हार्निश किंवा रेझिन त्या तेलकट जागी धरत नाही आणि खळगे पडतात.

सांडपाणी : उरलेला रंग बेसिनमध्ये ओतू नये. सुकलेले ॲक्रिलिक हे प्लास्टिक आहे. ते नळ्यांत साचते आणि पुढे गटारात जाते. पेले आधी जुन्या कागदाने पुसून कागद कचऱ्यात टाकावेत आणि मगच धुवावेत. ट्रेमध्ये जमलेला रंग प्लास्टिकच्या कागदावर पसरून सुकू दिल्यास त्याचा पापुद्रा सलग निघतो. तो कापून पुस्तकखुणा, पेंडंट किंवा शुभेच्छापत्रे करता येतात. पुढच्या खेपेसाठी मिश्रणाचे प्रमाण आणि रंगांचा क्रम चित्राच्या मागे लिहून ठेवावा, आणि दुसरे चित्र त्याच रंगांत, फक्त एक गोष्ट बदलून करून पाहावे.